पावसाळ्यात फिरायला चाललो, जोडे कोणते घेऊ? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मृगाचा पाऊस झाला की आमच्याकडे फोन आणि मेसेज सुरू होतात. कोणाला चिखलदऱ्याला जायचं असतं, कोणाला नागपंचमीच्या आधी पचमढीच्या डोंगरातल्या नागद्वारला, कोणी शेगावच्या पालखीसोबत दोन-चार मुक्काम पायी चालणार असतं, तर कोणाचा ग्रुप पहिल्यांदाच सह्याद्रीकडे निघालेला असतो. वावरात चालायची सवय सगळ्यांनाच आहे, पण दिवसभर ओल्या जोड्यात चालणं वेगळं. त्यात लोक जोड्यावर पैसे खर्च करतात आणि पायाचा विचारच करत नाहीत, म्हणून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. भाऊ, सगळं वाचायला वेळ नाही, एका दमात सांगा काय घेऊ?

जाळीचे किंवा पातळ कापडाचे, लवकर वाळणारे, मऊ रबराच्या खोल खाचांच्या सोलचे, पुढून रुंद आणि लेस असलेले जोडे. अंगठ्यापुढे बोटभर जागा पाहिजे. सोबत सुती नसलेले दोन-तीन जोड मोजे आणि मुक्कामावर घालायला हलकी स्लीपर. खरेदी जायच्या निदान दोन-तीन आठवडे आधी. वेळ मिळाला तर प्रश्न २ आणि ४ तरी वाचाच.

२. वॉटरप्रूफ घेतले तर पाय कोरडे राहतील ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. वॉटरप्रूफ बुटाच्या आत एक पातळ पडदा असतो. त्यातला प्रसिद्ध प्रकार म्हणजे गोरटेक्स, १९६९ साली अमेरिकेत लागलेला शोध. नॉनस्टिक तव्यावर ज्याचा थर असतो तेच टेफ्लॉन ताणून तो बनवला. त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. थंड आणि कोरड्या हवेत हे छान चालतं. आपल्याकडे श्रावणात झड लागली की बाहेरची हवाच इतकी ओली असते की आतली वाफ बाहेर जायला मागत नाही, आणि पाय घामानेच ओला होतो.

दुसरं म्हणजे, पाणी खालून येतच नाही हो, वरून येतं. पॅन्ट भिजली की पाणी मोज्यात उतरतं, मोज्यातून बुटात. किंवा नाल्यात पाय पडला आणि पाणी घोट्याच्या वर गेलं, संपलं. मग जो पडदा पाणी आत येऊ देत नव्हता तोच आता बाहेर जाऊ देत नाही. जाळीच्या बुटातलं पाणी शंभर पावलांत पिचकारून निघून जातं, वॉटरप्रूफ बुटात ते संध्याकाळपर्यंत डबडब करत राहतं आणि रात्रभरात वाळतही नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं, की मुसळधार पावसात पाय कोरडे ठेवायचा हट्ट सोडा. पाय ओले होणारच, ते लवकर निथळले पाहिजेत, घसरले नाही पाहिजेत आणि सोलले नाही पाहिजेत. वॉटरप्रूफ फक्त तिथे घ्या जिथे रिमझिम आहे, रस्ता पक्का आहे आणि चालणं थोडं आहे, म्हणजे शहरात फिरायला, किंवा मग थंड कोरड्या हवेत, म्हणजे हिवाळ्यात हिमालयाकडे जायला.

३. सोलची ग्रिप चांगली आहे हे दुकानात कसं ओळखायचं?

आधी कुठे चालणार ते ठरवा, कारण चिखलाला लागणारा सोल वेगळा आणि ओल्या दगडाला लागणारा वेगळा.

आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकट होते. पांदणीतून पन्नास पावलं चाला, प्रत्येक जोड्याला किलोभर माती. तिथे सोलच्या खाचा खोल पाहिजेत, साधारण चार-पाच मिलिमीटर, आणि मुख्य म्हणजे रुंद पाहिजेत. खाचा अरुंद असल्या की त्यात माती बसते, सोल सपाट होतो, आणि मग कितीही महागाचा बूट असला तरी घसरतो.

ओल्या दगडावर उलटं असतं. चिखलदरा, गाविलगड, नरनाळा हा सगळा काळा दगड, पावसात त्यावर शेवाळ धरतं. तिथे रबर मऊ पाहिजे आणि दगडाला टेकणारा भाग जास्त पाहिजे. कडक प्लॅस्टिकचा सोल, मग त्याला ट्रॅक्टरच्या टायरसारख्या खाचा का असेनात, ओल्या दगडावर सटकतोच.

दुकानात तीन गोष्टी करून पाहा. सोलमध्ये अंगठ्याचं नख दाबा, थोडं रुतलं आणि सोडल्यावर परत आलं तर रबर, नख नुसतं घसरलं आणि सोल चकाकत असला तर प्लॅस्टिक. जोडा दोन्ही हातांनी वाकवा, तो बोटांच्या बुडाशी वाकला पाहिजे, मधोमध पुठ्ठ्यासारखा मोडायला नको. आणि दुकानदाराला विचारून बाहेरच्या ओल्या फरशीवर चार पावलं चाला. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, हिरव्या-काळ्या बुळबुळीत शेवाळावर भरवशाचा असा कोणताच सोल नाही. तिथे पावलं लहान, तळवा पूर्ण टेकवून, हातात काठी. झाडाची ओली मुळी आणि लोखंडी शिडीच्या पायऱ्या यांचंही तसंच.

४. माझा नंबर ८ आहे, पावसाळ्यासाठी ९ घेऊ का?

नंबरवर जाऊ नका, पायावर जा. आठ हा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ब्रिटिश नंबर असतो, तोच युरोपच्या मापात ४२ च्या आसपास आणि पुरुषांच्या अमेरिकन मापात ९. ऑनलाइन मागवताना लोक इथेच फसतात, डब्यावर कोणतं माप लिहिलंय ते आधी पाहा.

जोडे संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो आणि चालून चालून तेवढाच सुजणार आहे. जे मोजे ट्रिपमध्ये घालणार तेच घालून जा. बसून नाही, उभं राहून पाहा. लेस सोडून पाय पुढे सरकवा, मागे टाचेजवळ एक बोट सहज गेलं पाहिजे. मग टाच मागे ठोकून लेस बांधा आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून पाहा. उतरताना अंगठा पुढे टेकला तर तो जोडा नको, डोंगर उतरताना तोच अंगठ्याचं नख काळं करेल. दोन्ही पाय घालून पाहा, बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, माप त्या पायाचं घ्यायचं.

आता रुंदी, हे आपल्या गावाकडच्या लोकांसाठी फार महत्त्वाचं आहे आणि दुकानदार यावर काहीच बोलत नाही. जन्मभर अनवाणी आणि चपलेवर चाललेल्या माणसाचा पाय पुढून पसरट असतो, बोटं मोकळी असतात. कंपनीचे जोडे मात्र पुढून निमुळते. मग माणूस रुंदीसाठी दोन नंबर मोठा घेतो, रुंदी मिळते पण टाच आत खालीवर होते आणि तिथेच फोड येतो. यावर उपाय म्हणजे जोड्यातला आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभं राहा. करंगळी किंवा अंगठ्याचा सांधा त्याच्या बाहेर चालला असेल तर ते मॉडेलच तुमच्यासाठी नाही, नंबर वाढवून उपयोग नाही, दुसरं मॉडेल पाहा.

५. सध्या माझ्याकडे रनिंगचे बूट आहेत, तेच चालतील का? परत खर्च नको.

सोलच्या खाचा अजून दिसत असतील आणि तुम्ही चिखलदऱ्याचे पॉइंट, पक्का रस्ता, एखादा साधा धबधबा एवढंच करणार असाल तर बिनधास्त चालतील. रनिंगचे बूट जाळीचे असतात, वाळतात लवकर. नागद्वारसारखी चढ-उताराची वाट असेल तर नाही, सोल सपाट असतो आणि बाजूने आधार नसतो. खाचा घासून गुळगुळीत झाल्या असतील तर कुठेच नेऊ नका.

६. आम्ही वावरात वर्षभर चपलेवरच असतो, मग फिरायला जोडे कशाला?

रास्त प्रश्न आहे. वावरात तुम्हाला प्रत्येक बांध, प्रत्येक खड्डा माहीत असतो, आणि पाठीवर बॅग नसते. अनोळखी उतारावर ओल्या पायात अंगठ्याची चप्पल फिरते, पट्टा तुटतो, आणि घोटा मुरगळला की पुढचा सगळा प्रवास गेला.

पण मागे पट्टा असलेली चांगली सॅन्डल, आपण फ्लोटर म्हणतो ती, पावसात खरंच चांगला पर्याय आहे. पाणी थांबत नाही, वाळवायची कटकट नाही, देवळात काढायला सोपी. पट्टे तीन ठिकाणी घट्ट होतात का पाहा, पुढे, घोट्याला आणि मागे. पालखीत डांबरी रस्त्याने चालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तीच सोयीची पडते. तोटा एवढाच की बारीक खडे आत शिरतात, काटा-ठेच लागते, आणि ओल्या पट्ट्याने कातडी घासते, म्हणून पट्ट्याखाली व्हॅसलीन लावा. बंद गवतातून, जंगलातून वाट असेल तर फ्लोटर नको, प्रश्न १७ पाहा.

फोमचे क्रॉक्ससारखे जोडे मुक्कामावर ठीक, चालायला नाही. ओले झाले की पाय आतल्या आत सरकतो.

७. घरी गमबूट आहेत. ते घालून गेलो तर?

फवारणी, निंदण, धानाच्या बांधीतलं काम यासाठी गमबूट उत्तम, आणि सापापासून बचावही होतो, तिथे ते घालाच. पण दिवसभर चालायला नको. वजन जास्त, हवा अजिबात नाही, टाच धरून ठेवत नाही, आणि वरून पाणी शिरलं की बादली पायात घेऊन चालावं लागतं. तास-दोन तासांच्या कामाची वस्तू आहे ती, मुक्कामाच्या प्रवासाची नाही.

८. चामड्याचे चांगले की कापडाचे?

कापडाचे, जाळीचे. चामडं मजबूत असतं, काट्याला भारी पडतं, पण एकदा आतपर्यंत भिजलं की जड होतं, दोन-दोन दिवस वाळत नाही आणि पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी येते. चामड्याचे आधीपासून असतील तर मेणाचं पॉलिश चांगलं चोळून घ्या, शिलाईवर जास्त. कॅनव्हास हे पण कापडच आहे पण सुती, पाणी धरून ठेवतं. शाळेचे पांढरे कॅनव्हास नेणारे दरवर्षी भेटतात, सोलही सपाट असतो त्यांचा.

९. बजेट हजार रुपये आहे. त्यात काही होते का?

होते. हजाराच्या आत चांगली फ्लोटर नक्की येते. हजाराच्या आसपास देशी कंपन्यांचे साधे ट्रेकिंगचे बूटही मिळतात. ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट सह्याद्रीत फिरणाऱ्यांमध्ये ओल्या दगडावरच्या पकडीसाठी वर्षानुवर्षं चालत आलेत, दिसायला साधे पण कामाचे. दोन-अडीच हजारांपर्यंत गेलात तर निवड वाढते. त्याच्या वर वर्षातून एकदा जाणाऱ्याने जायची गरज नाही असं माझं मत आहे, उरलेल्या पैशात चांगले मोजे घ्या.

आठवडी बाजारातले कंपनीच्या नावाची नक्कल असलेले तीनशे-चारशेचे बूट मात्र पावसात नेऊ नका. त्यांचा सोल नुसता चिकटवलेला असतो, शिलाई नसते, आणि पाण्यात तो डिंक सुटतो. तेवढ्याच पैशात साधी पण खऱ्या कंपनीची सॅन्डल घ्या.

१०. मोजे कोणते? आणि मोज्यावर पन्नी घातली तर पाय कोरडा राहते म्हणतात, खरं का?

सुती मोजे घरी ठेवा. सूत पाणी पितं, फुगतं, त्याच्या वळ्या पडतात आणि त्या वळ्या कातडी सोलतात. पॉलिस्टर किंवा नायलॉनचे, खेळाडू घालतात तसले घ्या, घोट्याच्या वर येतील असे. लोकरीचे पातळ मोजे मिळाले तर अजून चांगले, ओले झाले तरी पाय गार पडत नाही. दुपारी जेवायला थांबलं की मोजे बदला, ओले पिळून बॅगेला बाहेरून अडकवा.

पन्नीचं म्हणाल तर चालताना अजिबात नको. पाय आत घामाने भिजतो, पन्नी सरकते, फाटते आणि बोटांत गोळा होते. पन्नीचा उपयोग वेगळा आहे, मुक्कामावर बूट ओलेच आहेत आणि थोडंसंच बाहेर जायचं आहे, तर कोरडा मोजा, त्यावर पन्नी, मग ओला बूट. दहा-पंधरा मिनिटांचं काम असेल तर छान जमतं. आणि कोरडे मोजे ठेवायला पन्नी लागतेच, बॅगेत सगळ्यात आत.

११. नवे जोडे जायच्या आदल्या दिवशी घेतले तर काय होते?

पाय कापतात. दोन-तीन आठवडे आधी घ्या, आधी घरात, मग बाजारात, मग वावरापर्यंत घालून जा. एकदा मुद्दाम पाण्यात भिजवून तासभर चाला. कोरडा असताना न टोचणारी शिलाई ओली झाली की टोचते, आणि ते घरी कळलेलं बरं. कुठे लाल होतं ती जागा लक्षात ठेवा, प्रवासात सकाळी निघतानाच तिथे मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी लावायची.

१२. टाचेला फोड येतेच येते. लेस कितीही घट्ट बांधली तरी टाच वर उचलते.

घट्ट बांधून उपयोग नाही, बांधायची पद्धत बदला. बहुतेक बुटांना सगळ्यात वर, थोडं मागे सरकलेलं एक जादा भोक असतं आणि ते लोक रिकामं सोडतात. लेसचं टोक त्याच बाजूच्या त्या वरच्या भोकात बाहेरून आत घाला, पूर्ण ओढू नका, छोटा फास राहू द्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता उजवी लेस डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून काढा, खाली ओढून आवळा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते, आणि पुढे बोटांना त्रास होत नाही. चढताना पुढची लेस थोडी सैल, उतरताना वरची आवळून, एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

तरीही फोड आलाच तर, लहान असेल तर फोडू नका, पट्टी लावून झाका. मोठा असेल आणि पाऊल टाकवत नसेल तरच स्वच्छ निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी ओढून काढायची नाही, तीच खालच्या ओल्या मांसाचं संरक्षण करते. मग जंतुनाशक मलम आणि कोरडी पट्टी. शुगर असेल तर यातलं काहीच स्वतः करू नका, प्रश्न १४ पाहा.

१३. मुक्कामाला एकच रात्र असते, तेवढ्यात जोडे कसे वाळवायचे?

आधी माती धुऊन काढा, माती पाणी धरून ठेवते. लेस पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, आतला सोल काढून वेगळा उभा ठेवा, हे लोक विसरतात आणि सगळं पाणी तर त्याच सोलमध्ये असतं. मग जुन्या पेपरचे बोळे करून आत कोंबा, तासाभराने ओले काढून नवे भरा. झोपायच्या आधी शेवटचा बदल. पंखा असेल तर पंख्याखाली तिरपे ठेवा.

चुलीजवळ, शेकोटीजवळ ठेवू नका. उष्णतेने डिंक सुटतो, सोल वाकतो, चामडं तडकतं. सकाळी थोडे दमट राहिले तरी हरकत नाही, कोरडे मोजे घालून निघा.

१४. बाबांना शुगर आहे आणि त्यांना वारीत दोन मुक्काम तरी चालायचं आहे. त्यांना काय घेऊन देऊ?

आधी डॉक्टरांकडे नेऊन पाय तपासून घ्या. बऱ्याच वर्षांच्या शुगरमध्ये तळव्याची जाणीव कमी होते, खडा रुतला तरी कळत नाही, फोड फुटला तरी दुखत नाही, आणि ती जखम चिखलपाण्यात चिघळते. जाणीव कमी झालेली असेल तर एमसीआर रबराची चप्पल किंवा सॅन्डल मिळते, मऊ बारीक फेसाळ रबर असतं ते, दाब सगळ्या तळव्यावर सारखा पसरतो. कुष्ठरोगात सुन्न झालेल्या पायांसाठी हे पादत्राण आपल्या देशात कितीतरी वर्षांपासून वापरतात, सरकारी दवाखान्यात विचारलं तर सांगतात. मागे पट्टा असलेलंच घ्या, अंगठ्याचं नको, पकडून ठेवायला बोटं आवळावी लागतात.

जोडे घालायच्या आधी ते उलटे करून आपटायचे, मग आत हात फिरवून खडा, शिलाईचं टोक पाहायचं. आणि रोज रात्री दुसऱ्या कोणीतरी टॉर्च घेऊन तळवा, बोटांच्या बेचक्या आणि टाच पाहायची. बाबा म्हणतील काही नाही झालं, तरी पाहायची. अनवाणी एक पाऊलही नाही, देवळाच्या आवारात मोजे घालून जाऊ द्या.

१५. बायांसाठी वेगळं काही? गावातल्या दुकानात लेडीजमध्ये नुसत्या नाजूक चपलाच असतात.

ही तक्रार खरी आहे. तालुक्याच्या दुकानात बायांच्या मापाचे चालायचे जोडे क्वचित दिसतात. मग पोरांच्या मापातले पाहा, ४, ५, ६ नंबर ब्रिटिश मापात दोघांनाही सारखेच येतात, आणि पोरांचे जोडे पुढून रुंदही असतात. ताई, रंगाकडे पाहू नका, पायाकडे पाहा.

जोडवी ही खास गोष्ट. बंद बुटात जोडवं शेजारच्या बोटाला घासतं, ओल्या पायात दोन तासांत कातडी निघते, आणि पाय सुजला तर जोडवं रुततं. काढायचं नसेल तर पातळ चपटं जोडवं घाला, त्यावर कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्या, आणि जोडा पुढून चांगला रुंद घ्या. किंवा सरळ पुढून उघडी सॅन्डल. पैंजण मात्र काढूनच ठेवा, बुटाच्या काठाशी घासतात.

साडी किंवा नऊवारी असेल तर काठ घोट्याच्या वर खोचा, ओला काठ टाचेखाली येऊन पाय घसरतो. आई-मावशींना पहिल्यांदाच बूट घालायचे असतील तर महिनाभर आधी आणून द्या, लाज वाटते म्हणून त्या घालत नाहीत आणि मग थेट प्रवासात सुरुवात होते.

१६. पोट्ट्यांचे पाय वाढतात म्हणून दोन नंबर मोठे घेऊ का?

नको. पडतील. बोटभर जागा पुरे. लेसपेक्षा वेल्क्रोच्या पट्टीचे चांगले, आणि एक जादा जोड सोबत, कारण ते डबक्यात उडी मारणारच. पाय दुखतो हे ते संध्याकाळीच सांगतात, दुपारीच जोडे काढून पाहा.

१७. साप-विंचवाची भीती वाटते. जोड्याने काही फरक पडते का?

पडतो. चावे बहुतेक घोट्याच्या खाली आणि पावलावरच होतात, त्यामुळे बंद जोडा, जाड मोजा आणि लांब पॅन्ट याचा नक्की उपयोग होतो. गवतात काठी आपटत चाला, रात्री टॉर्चशिवाय लघवीलाही जाऊ नका. मुक्कामावर जोडे बाहेर काढून ठेवता तेव्हा त्यात विंचू, गोम, कधी सापाचं पिल्लू येऊन बसतं, उबेला आणि कोरड्याला. सकाळी जोडा उलटा करून दोनदा आपटा, मगच पाय घाला, आपटायच्या आधी हात आत घालून पाहू नका. रात्री मोजा जोड्याच्या तोंडात बोळा करून कोंबून ठेवला तर अजून चांगलं.

चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. पाय न हलवता, १०८ ला फोन करून, किंवा जी गाडी मिळेल तिने सरळ दवाखाना. जोडा आणि पैंजण, जोडवी लगेच काढा, पाय सुजतो.

सह्याद्रीकडे, कोकणाकडे चालला असाल तर जळवा असतात. मोजे पॅन्टच्या वर ओढून घाला आणि त्यावर मीठ चोळा.

१८. नाला ओलांडताना जोडे काढायचे की घालूनच जायचं?

घालूनच. अनवाणी पायाला पाण्याखालचा दगड, काच, काटा दिसत नाही आणि शेवाळावर तळवा घसरतो. वेळ असेल तर मोजे आणि आतला सोल काढून पन्नीत ठेवा, नुसते बूट घालून पार करा, पलीकडे जोडे उलटे करून पाणी काढा, मोजे पिळून परत घाला.

पण पाणी गढूळ, जोराचं आणि टोंगळ्याच्या वर असेल तर जोडे कोणतेही असोत, उतरायचं नाही. डोंगरातला नाला चढतो तसा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतो, थांबा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालणं टाळा, जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. घरी आल्यावर ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर डॉक्टरला पाण्यातून चाललो होतो हे आवर्जून सांगा.

१९. दोन दिवसांतच बोटांमध्ये चिखल्या होतात. जोडे बदलू का?

जोडे बदलून नाही, रात्र बदलून जातात. दिवसभर पाय ओला राहिला तरी चालतो पण रात्री पूर्ण कोरडा झाला पाहिजे. मुक्कामावर आल्याबरोबर साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या फडक्याने पुसा, पावडर लावा आणि उघडे ठेवून झोपा. सकाळी निघताना तळव्याला आणि बेचक्यांना पातळ व्हॅसलीन, त्याने पाणी कातडीत मुरत नाही. खाज, पांढरी कातडी आणि वास सुरू झाला असेल तर मेडिकलमधून क्लोट्रिमॅझोलची क्रीम घ्या, आणि बरं वाटलं तरी लगेच बंद करू नका. दुसऱ्याचे मोजे घालू नका.

२०. नागद्वारला आमच्यातले काही जण नवस म्हणून अनवाणी चालतात. त्यांनी काय करावं?

श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी सांगणारा कोण. फक्त एवढं करा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा, सॅन्डल बॅगेत असू द्या, आणि रात्री पाय धुऊन काटे-जखमा पाहा. घरच्यांनी परवानगी दिली तर शिडीच्या आणि दाट गवताच्या टप्प्यात घालायला हरकत नसावी, हे आपापल्या मनाशी ठरवा. शुगर असलेल्यांनी अनवाणी चालायचा नवस दुसऱ्या रूपात फेडावा, हे मात्र मी हात जोडून सांगतो.

बाकीच्यांसाठी, देवळाबाहेर जोडे काढावे लागतात तिथे ते पन्नीत घालून बॅगेत ठेवा, पावसात उघड्यावर ठेवलेले जोडे भरून जातात आणि गर्दीत बदलतातही. मुक्तागिरीसारख्या ठिकाणी, जिथे एकामागून एक देवळं आहेत, तिथे फ्लोटरच सोयीची.

२१. वाटेत सोल निघाला तर?

निघताना बॅगेत चार-पाच फूट नायलॉनची दोरी आणि एक जादा लेस ठेवाच. सोल पुढून उघडला तर दोरी सोलखालून खाचेत बसवून वर आडवी बांधा, दोन ठिकाणी, मुक्कामापर्यंत पोचता येतं. झटपट चिकटणारा डिंक ओल्यावर धरत नाही, त्याचा भरवसा नको. गावात पोचल्यावर मोच्याकडून नुसतं चिकटवून घेऊ नका, कडेने पूर्ण शिलाई मारून घ्या. खरं तर नव्या जोड्यालाही निघायच्या आधीच अशी शिलाई मारून घेता येते, थोड्या पैशांत होते आणि स्वस्त बूट वर्षभर जास्त चालतो.

२२. दोन-तीन वर्षं डब्यात जपून ठेवलेले महागाचे ट्रेकिंग बूट काढले आणि पहिल्याच दिवशी सोलचा भुगा झाला. वापरलेही नव्हते, मग असं कसं?

वापरले नव्हते म्हणूनच नाही, पण ठेवून ठेवल्याने झालं हे खरं. बऱ्याच बुटांचा मधला मऊ थर पॉलीयुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू आतून तुटत जातो, बाहेरून जोडा नवा दिसतो आणि वजन पडलं की चुरा होतो. बंद डब्यात, पन्नीत दमट ठेवला तर लवकर होतं. यात शिवून, चिकटवून काही होत नाही, सोलच बदलावा लागतो आणि तो खर्च बहुतेक वेळा परवडत नाही.

म्हणून ट्रिपहून आल्यावर जोडे धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, आत कोरडा पेपर भरून हवेशीर फळीवर ठेवा, आणि मधूनमधून घालत राहा. जुने काढले असतील तर निघायच्या आठवडाभर आधी अर्धा तास घालून चाला आणि सोलची कड अंगठ्याने जोरात दाबून पाहा. बारीक भेगा दिसल्या किंवा पांढरी पावडर हाताला लागली तर ते घेऊन निघू नका, आणि सॅन्डल घ्यायला तेवढाच आठवडा हाताशी राहतो.